अवकाशात पॅनेल, जमिनीवर वीज: हे गणित नक्की कुठे अडतं?

उत्तररात्र (धागाकर्ता)

वर्षातून दोनदा तरी बातमी येते की अमका देश आता अवकाशातून वीज आणणार. सोबत पृथ्वीकडे झेपावणाऱ्या निळ्या झोताचं चित्र असतं आणि मुदत ठरलेली, 'येत्या वीस वर्षांत'. पीटर ग्लेझर यांनी ही कल्पना 'सायन्स' नियतकालिकात मांडली १९६८ साली. म्हणजे ही 'येती वीस वर्षं' माझ्या वयापेक्षा मोठी आहेत. गेले काही दिवस हाच नाद लागलाय, म्हणून हाती लागलं ते इथे मांडतो. चुका काढा.

वातावरणाबाहेर सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एका चौरस मीटरवर साधारण १३६१ वॅट पडतात. भूस्थिर कक्षेत, म्हणजे विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, रात्र जवळजवळ नसतेच. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या मागेपुढे काही आठवडे उपग्रह रोज थोडा वेळ पृथ्वीच्या सावलीत शिरतो, तोही जास्तीत जास्त सत्तरेक मिनिटं. एरवी लख्ख ऊन. दिवसाचा हिशोब केला तर चौरस मीटरला ३२ युनिट ऊन. जमिनीवर, चांगल्या उन्हाच्या जागी, हाच आकडा ५ ते ६ युनिट. (हे पडणाऱ्या उन्हाचे आकडे आहेत, विजेचे नाहीत. पॅनेल दोन्हीकडे सारखंच धरलंय.)

सहापट! बहुतेक बातम्या इथे संपतात.

पण ती वीज खाली आणायची कशी? वर पॅनेलमधून निघालेल्या डीसीचे मायक्रोवेव्ह करायचे, ते खाली सोडायचे आणि जमिनीवर रेक्टेनाने, म्हणजे अँटेना आणि रेक्टिफायर यांच्या जोडगोळीने, त्यांची परत डीसी करायची. विल्यम ब्राउन यांनी १९७५ साली ही अख्खी साखळी प्रयोगशाळेत ५४ टक्के कार्यक्षमतेने चालवून दाखवली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनला त्यांच्या चमूने दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटपेक्षा जास्त वीज बिनतारी पोचवली. म्हणजे 'होतं का' हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच निकालात निघालाय. आपण सोयीसाठी निम्मी वीज खाली पोचते असं धरू. सहापटीची झाली तिप्पट.

तर माझा प्रश्न असा: पॅनेलमागे तिप्पट वीज मिळावी म्हणून ते रॉकेटवर चढवायचं, की जमिनीवर तीन पॅनेल टाकून मोकळं व्हायचं?

तिरकस

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. धागा संपला, कुलूप लावा. (ह.घ्या.)

फेजवायर

कोंबडी चार आण्याची नाही हो, तिथेच गफलत होतेय.

मी बारा वर्षं लोड डिस्पॅचला, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या केंद्रात, शिफ्ट केल्यात. दुपारी एकचं युनिट आणि संध्याकाळी साडेसातचं युनिट सारख्याच मोलाचं असतं, असं मानणारा माणूस त्या खोलीत एक आठवडा टिकणार नाही. ऊन भरात असताना कधी कधी सौर प्रकल्पांनाच उत्पादन उतरवायला सांगावं लागतं. आणि सूर्य कलला की तासाभरात हजारो मेगावॅट कुठून तरी उभे करायचे असतात. धागाकर्त्यांची तुलना 'वरचं पॅनेल विरुद्ध खालची तीन पॅनेल' अशी आहे. ती 'वरचं पॅनेल विरुद्ध खालची तीन पॅनेल अधिक बॅटरी' अशी हवी.

आता बॅटरीचं काय? ब्लूमबर्गएनईएफच्या पाहणीत लिथियम बॅटरी पॅकची सरासरी किंमत २०१० मध्ये किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होती, २०२४ मध्ये ११५ डॉलर. एक रात्र काढणं ही आता बॅटरीसाठी मोठी गोष्ट राहिलेली नाही. पंधरा दिवसांचं मळभ मात्र बॅटरी काढत नाही. उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात सूर्य आठ-आठ तासांतच गुंडाळतो आणि नेमकी तेव्हाच घरं तापवायला वीज लागते. युरोपीय अवकाश संस्थेने २०२२ मध्ये 'सोलारिस' नावाचा अभ्यास हाती घेतला, ब्रिटनमध्येही खटपट चालू आहे, हे उगीच नाही. अवकाशातल्या विजेचं खरं गिऱ्हाईक तिकडे आहे. बाराही महिने ऊन असलेल्या प्रदेशाला तिची गरज सगळ्यात कमी.

आणखी एक. ग्रिड चालवताना नियम असा की चालू असलेला सगळ्यात मोठा एकटा स्रोत पुढच्या सेकंदाला बंद पडेल असं गृहीत धरायचं आणि तेवढी राखीव वीज हाताशी ठेवायची. आज मोठ्यातला मोठा अणुसंच १६००-१७०० मेगावॅटचा. सत्तरच्या दशकातल्या नासाच्या आराखड्यातला एक उपग्रह ५००० मेगावॅटचा! तो गचकला तर? सावलीचं मला भय नाही, ती पंचांगासारखी आधी ठाऊक असते आणि येते मध्यरात्रीच्या सुमारास, मागणी कमी असताना. भय आहे ते एखाद्या केबलच्या सांध्याचं, जो दुरुस्त करायला छत्तीस हजार किलोमीटर वर जावं लागेल.

साधासुधा

माहितीपूर्ण धागा. वाचतोय.

घनमूळ

कार्यक्षमता, किंमत हे सगळं नंतर. खरी मेख तरंगलांबीत आहे आणि तिच्याशी घासाघीस करता येत नाही.

कुठल्याही अँटेनातून निघालेला झोत पसरतो. खाली पडणाऱ्या ठिपक्याचा व्यास काढायचं सूत्र सोपं आहे: २.४४ गुणिले तरंगलांबी, गुणिले अंतर, भागिले वरच्या अँटेनाचा व्यास. वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ घेतली तर तरंगलांबी १२.२ सेंटीमीटर. वर एक किलोमीटर व्यासाची अँटेना लावली तर खालचा ठिपका येतो १०.७ किलोमीटरचा.

नासा आणि अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने सत्तरच्या दशकाच्या शेवटी जो आराखडा केला त्यात दहा बाय पाच किलोमीटरचं पॅनेल, एक किलोमीटरची अँटेना आणि खाली दहा बाय तेरा किलोमीटरचा लंबवर्तुळाकार रेक्टेना होता. लोकांना ते आकडे बघून वाटतं की हे कुणाच्या तरी भव्यतेच्या हौसेतून आलेत. हौस नाही, ते वरच्या सूत्रातून आलेत. (वर्तुळाचं लंबवर्तुळ का झालं? विषुववृत्तापासून दूर गेलं की झोत तिरपा पडतो.)

आता हेच छोट्यावर करून बघा. चाचणीसाठी वर शंभर मीटरचीच अँटेना लावली, तर खाली ठिपका १०७ किलोमीटरचा. एवढा रेक्टेना कोण बांधणार, आणि बांधला तरी त्यावर वीज पडणार नावापुरती. म्हणजे भूस्थिर कक्षेतून छोट्या प्रमाणावर सुरुवात करायला वावच नाही. सौरघट १९५८ मध्ये व्हॅनगार्ड-१ या पपनसाएवढ्या उपग्रहावर सहा छोट्या चौकोनांनी सुरू झाले, मग कॅल्क्युलेटरवर आले, मग छपरावर. चुकत, सुधारत, स्वस्त होत. इथे पहिलीच चूक काही गिगावॅटची.

चांदणचुरा

घनमूळ, गणित मान्य, पण कक्षा भूस्थिरच कशाला? ५०० किलोमीटरवर या. वारंवारता ५.८ गिगाहर्ट्झ, अँटेना तीच शंभर मीटरची. तुमच्याच सूत्राने ठिपका ६३० मीटर येतो. हे तर एखाद्या गिरणीच्या आवारात बसेल.

घनमूळ

बसेल. आणि उपग्रह दहा-बारा मिनिटांत क्षितिजापार. पुढचा यायला हवा, मग त्याच्या पुढचा. सतत वीज हवी तर उपग्रहांची माळच लागेल, आणि माळेतला प्रत्येक मणी बहुतेक वेळ समुद्रावर असेल.

चांदणचुरा

हो, पण शिकायला तर मिळतं ना! कॅलटेक या अमेरिकन विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये एसएसपीडी-१ हा चाचणीचा संच कक्षेत सोडला. त्यातल्या 'मेपल' या अँटेनांच्या लवचिक जाळ्याने झोत हवा तिकडे वळवून, यानातच फूटभरावर ठेवलेले दोन एलईडी एकेक करून पेटवले. मे महिन्यात त्याची लहर कॅलटेकच्या इमारतीच्या छतावर टिपली. एकही सुटा भाग न हलवता, नुसत्या फेजच्या (लहरींच्या चढउताराच्या वेळेच्या) फरकाने झोत वळवला, तोही कक्षेत. मला हे फार मोठं वाटतं.

तिरकस

एलईडी. दोन. एका फुटावर. अभिनंदन.

चांदणचुरा

राइट बंधूंचं पहिलं उड्डाण एका मोठ्या विमानाच्या पंखांच्या विस्तारापेक्षा कमी होतं, एवढंच बोलून थांबतो.

निळावंती

तांत्रिक भाग निम्मा डोक्यावरून गेला, पण एक बाळबोध शंका. त्या झोतातून पक्षी उडाला तर भाजून पडेल का? विमान? आणि झोत सरकून शेजारच्या गावावर आला तर?

मनोरा

शंका बाळबोध अजिबात नाही. माझं आयुष्य मायक्रोवेव्ह लिंक लावण्यात गेलं, म्हणून थोडं लिहितो.

त्या जुन्या आराखड्यात झोताच्या मध्यभागी तीव्रता ठेवली होती चौरस मीटरला २३० वॅट. भर दुपारचं ऊन हजाराच्या आसपास असतं, त्याच्या पावपटीपेक्षा कमी. पक्षी कोसळणार नाही, पण त्याला ऊब जाणवेल, आणि वर्षानुवर्षं तिथेच घरटं केलं तर काय होईल हे अभ्यासाशिवाय बोलू नये. विमानाच्या पत्र्याच्या आत मायक्रोवेव्ह फारसे शिरत नाहीत, शिवाय ते मिनिटभरात पार होतं. माणसांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा या वारंवारतेला चौरस मीटरला १० वॅट आहे. आराखड्यात रेक्टेनाच्या कडेलाच तीव्रता तेवढी खाली येत होती. कुंपणाबाहेरचा माणूस मर्यादेत.

हा २३० चा आकडा माणसांपेक्षा आयनोस्फिअरची काळजी घेऊन ठरला होता, ही गंमत फारशी कुणाला ठाऊक नसते. झोत त्याहून तीव्र केला तर वरचा विद्युतभारित थर तापून रेडिओ संदेशांत गडबड होईल, असा तेव्हाचा अंदाज होता.

आता झोत सरकण्याबद्दल. एकदा वादळी पावसात आमच्या मनोऱ्यावरची डिश ब्रॅकेटमध्ये इतकी थोडी फिरली की डोळ्याला दिसेना, आणि तीस किलोमीटरवरची लिंक मेली. रात्री दोन वाजता वर चढून पाना फिरवत होतो आणि खाली मीटर बघणारा ओरडून आकडे सांगत होता. इथे छत्तीस हजार किलोमीटरवर एका किलोमीटरची अचूकता हवी, म्हणजे अंशाच्या सहाशेव्या भागाएवढी. डिश फिरवून ते जमणारच नाही. म्हणून उपाय असा: रेक्टेनाच्या मधोमध एक बारीक 'पायलट' लहर वर सोडायची. वरच्या प्रत्येक अँटेनाने तिची फेज मोजायची आणि नेमकी उलटी फेज लावून आपली लहर परत पाठवायची. झोत आपोआप पायलट जिथून आला तिकडेच जमा होतो. पायलट बंद झाला की लाखो अँटेना एकमेकींचा ताल सोडतात आणि झोत विखरून जातो. शेजारच्या गावावर नेम धरायला त्याच्याकडे काही उरतच नाही.

आणि 'शस्त्र म्हणून वापरतील' ही भीती? घनमूळ यांनी ठिपका लहान होत नाही म्हणून जे रडगाणं गायलं, तेच इथे पथ्यावर पडतं. एवढ्या दुरून हा झोत एखाद्या घराएवढ्या जागेवर एकवटताच येत नाही.

लेसर मात्र वेगळी जात आहे. तरंगलांबी हजारो पटींनी लहान, त्यामुळे दोन मीटरच्या आरशातूनही भूस्थिर कक्षेवरून ठिपका चाळीसेक मीटरचा. छोट्यात सुरुवात जमते, ढग आला की खेळ खलास, आणि शस्त्राचा प्रश्न तिथे खराखुरा आहे. अमेरिकेच्या लष्करी संशोधन संस्थेने, डार्पाने, २०२५ मध्ये जमिनीवरच ८.६ किलोमीटरवर लेसरने ८०० वॅट तीस सेकंद पोचवले. हे पैसे कोणत्या खात्यातून आले ते बघा म्हणजे कळेल.

निळावंती

धन्यवाद, इतकं सविस्तर कुणी सांगत नाही. रात्री दोन वाजताचं मनोऱ्यावर चढणं वेगळ्या धाग्यात लिहाच.

साधासुधा

एक हिशोब मीही करून पाहिला. दहा बाय तेराचं लंबवर्तुळ म्हणजे शंभरेक चौरस किलोमीटर. तेवढ्या जमिनीवर साधं सौर उद्यान केलं तर चौरस किलोमीटरला शिखर पन्नास मेगावॅट आणि रात्र-ढग धरून सरासरी दहा, म्हणजे एकूण सरासरी हजार मेगावॅट. उपग्रह न सोडता पाचवा हिस्सा वीज त्याच जागेत मिळतेय की! चुकलं का कुठे?

फेजवायर

हिशोब बरोबर आहे. फक्त उपग्रहाची पाचपट वीज रात्रंदिवस सारखी आहे, आणि रेक्टेना तारांच्या विरळ जाळीचा असल्याने खाली बहुतांश ऊन पोचतं. जाळीखाली शेती करता येईल असं त्याचे समर्थक म्हणतात. पॅनेलखाली एवढी मुभा नाही.

उत्तररात्र

सगळ्यांचे आभार. किमतीकडे आपण अजून नीट वळलोच नाही.

नासाने जानेवारी २०२४ मध्ये एक अहवाल काढला. २०५० साली दोन गिगावॅट देणाऱ्या दोन आराखड्यांचा त्यांनी खर्च काढला. एकात सूर्याचा मागोवा घेणाऱ्या आरशांचा थवा, दुसऱ्यात एका बाजूला पॅनेल आणि दुसऱ्या बाजूला अँटेना असलेली सपाट चादर. युनिटला पहिल्याचे ६१ सेंट, दुसऱ्याचे १ डॉलर ५९ सेंट. जमिनीवरच्या पर्यायांचे २ ते ५ सेंट. पहिल्याचं वजन ५९ लाख किलो, दुसऱ्याचं सुमारे एक कोटी. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सव्वाचार लाख किलोच्या आसपास आहे आणि त्याची मुख्य जोडणी १९९८ पासून २०११ पर्यंत चालली होती. म्हणजे हलक्या आराखड्यातसुद्धा चौदा स्थानकं, तीही नव्वदपट उंचीवर आणि माणसांशिवाय जोडायची. खर्चाचा सत्तर टक्क्यांहून मोठा वाटा नुसता वर नेण्याचा होता.

चांदणचुरा

अर्धवट सांगू नका. त्याच अहवालात पुढे म्हटलंय की प्रक्षेपण स्वस्त झालं, कक्षा चढवायला विद्युत इंजिनं वापरली, यंत्रं जास्त वर्षं टिकली आणि दुरुस्तीचे रोबो स्वस्त झाले, तर हाच दर ३ ते ८ सेंटवर येतो. शटलच्या काळात किलोमागे पन्नास हजार डॉलरच्या वर लागत होते, फाल्कन ९ रॉकेटने तो आकडा तीन हजारांच्या खाली आणला. वीसपट फरक एका पिढीत पडला. पुन्हा पडणार नाही कशावरून?

घनमूळ

पडेल. माझा आक्षेप वेगळा आहे. तो ३ ते ८ सेंटचा दर येण्यासाठी चार-पाच गोष्टी एकदम मनासारख्या घडाव्या लागतात. त्यातून पॅनेल स्वस्त झालं तर ते खालीही स्वस्त होतं, रोबो स्वस्त झाले तर ते वाळवंटातही पॅनेल लावतील. फक्त रॉकेट स्वस्त होणं ही एकच गोष्ट अशी आहे जिचा फायदा निव्वळ वरच्याला होतो. ही शर्यत दोन धावपटूंची आहे आणि आपण एकाचंच घड्याळ बघत बसलोय. जमिनीवरचा गडी थांबलेला नाही.

फेजवायर

घनमूळना +१. तरी एक जागा सोडतो. जिथे युनिटचा भाव कुणी विचारत नाही, तिथे हे आधी पोचेल. दुर्गम तळ, जिथे डिझेल विमानाने न्यावं लागतं. किंवा मग वीज खाली आणूच नका, वरच वापरा! गूगलने २०२५ मध्ये 'सनकॅचर' नावाने कक्षेत गणनयंत्रं ठेवण्याचा बेत जाहीर केला तो ह्याच विचाराने. खाली वीज आणण्यापेक्षा उत्तरं खाली पाठवणं हलकं. तिथली उष्णता घालवायची भानगड वेगळी, कारण वर वारा नाही, जे काही घालवायचं ते प्रारणानेच.

दुर्बीण

उशिरा आलो. आरशांचा उल्लेख झाला म्हणून थोडं अवांतर.

काही जण म्हणतात, पॅनेल नको, अँटेना नको, वर नुसता आरसा लावा आणि रात्री खालच्या सौर उद्यानावर ऊन पाडा. रशियाने फेब्रुवारी १९९३ मध्ये हे केलंय. 'झ्नाम्या-२' हा वीस मीटरचा आरसा प्रोग्रेस यानातून उलगडला आणि पाचेक किलोमीटरचा उजेडाचा ठिपका पहाटेच्या युरोपवरून सेकंदाला आठ किलोमीटर वेगाने सरकत गेला. १९९९ ला पुढचा आरसा उलगडताना यानाच्याच अँटेनात अडकून फाटला आणि विषय बारगळला.

घनमूळ यांचा 'छोट्यात होत नाही' हा नियम इथेही लागू पडतो, कारण मात्र निराळं. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे आरसा कितीही लहान आणि गुळगुळीत असो, ६०० किलोमीटरवरून ठिपका साडेपाच किलोमीटरपेक्षा लहान होत नाही. भूस्थिर कक्षेतून तर तो ३३० किलोमीटरचा! उजेड एवढा पातळ होतो की पॅनेलला काही कळत नाही, पण आकाश बघणाऱ्या माझ्यासारख्याची रात्र मात्र नासते.

माझा एक प्रश्न मनोरा आणि घनमूळ यांना. त्या २.४४ च्या ठिपक्यात सगळी वीज मावते का? बाकीची कुठे जाते?

घनमूळ

चांगलं पकडलंत, ते मी वर गाळलं होतं. २.४४ हा आकडा पहिल्या अंधाऱ्या कड्यापर्यंतचा. अँटेनावर सगळीकडे सारखी ताकद असेल तर त्या कड्याच्या आत ८४ टक्केच पडते. उरलेली १६ टक्के बाहेरच्या कड्यांत, दूरदूरपर्यंत. अँटेनाच्या मध्यभागी जास्त आणि कडेला कमी ताकद ठेवली तर बाहेरची गळती पाच टक्क्यांच्या आसपास आणता येते, बदल्यात मधला ठिपका जरा फुगतो.

दुर्बीण

पाच हजार मेगावॅटचे पाच टक्के म्हणजे अडीचशे मेगावॅट. शिवाय त्याचे सूर, दुप्पट-तिप्पट वारंवारतेचे, वेगळेच.

आमच्या गटाने गच्चीवर साध्या डिशने हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची रेष पकडली, त्याला दोन हिवाळे लागले. रेडिओ खगोलशास्त्रात आम्ही ज्या एककात मोजतो त्या जान्स्कीत दशांश चिन्हानंतर पंचवीस शून्यं येतात आणि मग एक. शेजारच्या घरातला मायक्रोवेव्ह सुरू झाला तरी आमच्या आलेखावर डोंगर उभा राहतो.

तिरकस

मग शेजाऱ्यांना आधी विनंती करून ठेवा. उपग्रहाला अजून वीस वर्षं आहेत.